डब्यावरचे २५,००० तास कोणत्या घरातले? मानक ब्युरो आणि ऊर्जा ब्युरोला खुले पत्र

प्रति,
मा. महासंचालक, भारतीय मानक ब्युरो
आणि
मा. महासंचालक, ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो,
नवी दिल्ली

स. न. वि. वि.

मी अमरावती जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी इलेक्ट्रिकलचं छोटं दुकान चालवतो आणि घरगुती वायरिंगची कामं करतो. गिऱ्हाइकाला बल्ब विकणारा मीच, बऱ्याचदा तो होल्डरला लावून देणाराही मीच, आणि गेलेला बल्ब परत येतो तोही माझ्याच काउंटरवर. त्यामुळे एलईडी बल्ब घरात खरोखर किती टिकतो, हा प्रश्न मला सारखा विचारला जातो. त्याचं धड उत्तर देण्याइतकी माहिती डब्यावर नसते. ती असावी, एवढीच या पत्रामागची इच्छा आहे. मानक एकाच्या हातात आणि तारांकन दुसऱ्याच्या हातात, म्हणून पत्र दोघांच्या नावे लिहितो आहे.

डब्यावर असतं ते असं: २५,००० तास. काही डब्यांवर १५,०००, काहींवर ५०,०००. शेजारी ठळक अक्षरात वर्षंही छापलेली असतात. रोज पाच तास दिवा लागतो असं धरलं तर २५,००० तास म्हणजे साडेतेरा वर्षांच्या वर. म्हणजे २०१५ मध्ये सरकारच्या स्वस्त एलईडी बल्बांच्या उजाला योजनेत घेतलेला बल्ब २०२८ पर्यंत चालायला हवा. त्या काळातले काही बल्ब माझ्या ओळखीच्या घरांत अजून चालू आहेत, उजेड थोडा उतरला आहे इतकंच. पण आज दुकानातून जाणाऱ्या बल्बांपैकी कितीतरी दुसरी दिवाळी बघत नाहीत. गेल्या उन्हाळ्यात एक आजी पदरात गुंडाळून बल्ब घेऊन आल्या. म्हणाल्या, “डब्यावर पंधरा वर्सं लिहेल हायेत म्हने नातू, मंग हा वर्सभरातच कसा गेला?” त्यांना मी बल्ब बदलून दिला. प्रश्नाचं उत्तर मात्र माझ्याकडे अर्धंच होतं, आणि ते सांगायला वेळ लागला असता. ते इथे सविस्तर लिहितो.

तासांचा हा आकडा येतो कुठून? एलईडीची चिप पिवळ्या बल्बाच्या तारेसारखी एका क्षणात तुटत नाही, ती हळूहळू मंद होत जाते. म्हणून तिचं आयुष्य मोजताना विचारतात की सुरुवातीच्या उजेडाच्या ७० टक्क्यांवर यायला तिला किती तास लागले. याला एल-७० म्हणतात. आता २५,००० तास म्हणजे सलग दिवे लावून ठेवले तरी पावणेतीन वर्षांपेक्षा जास्त. तेवढा वेळ कोणताच कारखाना थांबत नाही. मग चिपची काही हजार तास चाचणी घेतात आणि आलेख पुढे वाढवतात. अमेरिकेतल्या प्रकाश-अभियंत्यांच्या संस्थेची यासाठी एलएम-८० आणि टीएम-२१ नावाची पद्धत आहे. त्यात किमान ६,००० तासांची चाचणी घेतात आणि जेवढी चाचणी झाली त्याच्या फार तर सहापट पुढचा अंदाज सांगायची मुभा असते. पद्धत चांगली आहे, शास्त्रीय आहे. पण ती चिपची आहे. माझ्या गिऱ्हाइकाला चिप विकत घ्यायची नसते, बल्ब घ्यायचा असतो, आणि बल्बात चिपखेरीज ड्रायव्हर असतो, म्हणजे घरची वीज चिपला लागेल तशी करून देणारं सर्किट, त्यात वीज साठवणारा कपॅसिटर असतो, झाळकाम असतं, प्लास्टिकचा गळा असतो.

पूर्ण बल्बाचीही चाचणी होते, हे मला माहीत आहे. आयईसी ६२६१२ या आंतरराष्ट्रीय मानकात सांगितलेल्या आयुष्याच्या एक चतुर्थांश इतका वेळ, पण जास्तीत जास्त ६,००० तास, बल्ब चालवून उजेड मोजतात. हे साधारण २५ अंशांच्या खोलीत. दिवा अर्धा मिनिट चालू, अर्धा मिनिट बंद, अशी उघडझापही हजारो वेळा करून बघतात. शिवाय जास्त तापमानात १,००० तास चालवण्याची एक चाचणी आहे. कंपनीनं स्वतः तापमान जाहीर केलं नसेल तर ती ५० अंशांत घेतात. म्हणजे गरमीचा विचार मानक लिहिणाऱ्यांनी केलेला आहे. पण रोज पाच तासांच्या हिशेबानं १,००० तास म्हणजे साडेसहा महिने. त्या चाचणीत पास झालेला बल्ब आमच्याकडच्या एका उन्हाळ्यातून निघेल, असा भरवसा देता येतो. पंधरा उन्हाळ्यांचा देता येत नाही.

२५ अंश ही खोली कुठली, हे आपण एकदा डोळ्यांसमोर आणावं. अमरावती, अकोला, नागपूर, चंद्रपूर या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. पत्र्याच्या घरात दुपारी छताजवळ हात वर केला तर हाताला चटका जाणवतो, आणि बल्ब नेमका तिथेच टांगलेला असतो. दिवा संध्याकाळी लागतो हे खरं, पण पत्रा रात्री दहापर्यंत निवत नाही. त्यात आमच्याकडे बहुतेक बल्ब उलटे लटकतात, पिना वर आणि काच खाली. गरम हवा वर चढते आणि ड्रायव्हर बसतो बल्बाच्या गळ्यात, म्हणजे सगळ्यात वर. सर्वांत नाजूक भाग सर्वांत गरम जागी.

पिवळ्या बल्बाला हा त्रास नव्हता. त्याची तारच अडीच हजार अंशांच्या आसपास तापायची. खोली ३० ची असो की ४५ ची, तिला फरक पडत नव्हता. एलईडीचं गणित वेगळं आहे. ती वीज कमी खाते, तरी घेतलेल्या विजेतला निम्म्याहून जास्त भाग उष्णतेतच जातो, आणि ती उष्णता उजेडाबरोबर बाहेर फेकली जात नाही. चिपच्या मागच्या पत्रीतून, धातूच्या वाटीतून हळूहळू बाहेर काढावी लागते. २०१४-१५ चे बल्ब हातात घेतले की वजन जाणवायचं, कारण खाली ॲल्युमिनियमचा जाड, पन्हाळी पाडलेला भाग असायचा. आताचा नऊ वॉटचा बल्ब कागदासारखा हलका लागतो. बाहेरून प्लास्टिक, आत पातळ पत्र्याची वाटी. उष्णता जायची कुठून?

या उष्णतेत पहिला बळी जातो कपॅसिटरचा. त्यात द्रव असतो, तो वाळत जातो. इलेक्ट्रॉनिक्समध्ये एक ढोबळ नियम सांगतात: तापमान दहा अंशांनी वाढलं की अशा कपॅसिटरचं आयुष्य निम्मं होतं. १०५ अंशांना ५,००० तास टिकेल असं लिहिलेला कपॅसिटर ९५ अंशांत १०,००० आणि ८५ अंशांत २०,००० तास जातो. आता हेच उलटं करून बघा. जो बल्ब २५ अंशांच्या खोलीत छापलेले तास पूर्ण करेल, त्याच्या आतलं तापमान आमच्या खोलीत २० अंशांनी वाढलं तर कपॅसिटरपुरतं आयुष्य चौथ्या हिश्श्यावर येतं. २५,००० चे सहा हजारांच्या आसपास होतात. यात कुणाची लबाडी असायची गरज नाही, विदर्भातला मे महिना पुरेसा आहे.

माझ्याकडे आलेले बंद बल्ब मी सवड मिळाली की उघडतो. पांढरी टोपी पेचकसानं उचकटली की आत गोल पट्टी दिसते, तिच्यावर पिवळसर चिपा बसवलेल्या. निरखून बघितलं तर बऱ्याच वेळा एकाच चिपेच्या मध्यभागी मोहरीएवढा काळा डाग असतो. बाकी सगळ्या धडधाकट. त्या सगळ्या एकामागोमाग जोडलेल्या असतात, जुन्या रोषणाईच्या माळेसारख्या, त्यामुळे एक गेली की सगळा बल्ब अंधारात. ही गेलेली चिप ओलांडून जोड दिला की बाकीच्या चिपा लख्ख उजळतात. कुणी हे घरी करू नये. आजकालच्या कितीतरी बल्बांत ड्रायव्हर त्याच पट्टीवर असतो आणि वीज घरच्या लाइनपासून वेगळी केलेली नसते, पट्टीला हात लागला तर थेट लाइनचा झटका बसतो. चिप का जळते याचं मुख्य कारण मात्र सांगतो. चिपा कमी बसवायच्या आणि उरलेल्यांतून जास्त करंट सोडायचा, म्हणजे तेवढाच उजेड स्वस्तात मिळतो. उजेड तोच, वॉट तेच, डब्यावरचे तारे तेच. घटतं ते आयुष्य, आणि ते डब्यावर कुठेच दिसत नाही.

याच्या उलटही करता येतं आणि ते झालेलं आहे. दुबई महापालिका आणि फिलिप्स यांनी २०१६ मध्ये दुबईसाठी एक खास बल्ब काढला. त्यात एलईडीच्या तारा (बारीक चिपांच्या तारेसारख्या पट्ट्या) जास्त आणि प्रत्येकीवरचा भार कमी ठेवला. एका वॉटला २०० लुमेन (लुमेन म्हणजे उजेड मोजायचं माप) उजेड मिळाला आणि भार हलका असल्यामुळे बल्ब थंड राहिला. वाळवंटातल्या शहराच्या पालिकेनं आमच्यासाठी असा बल्ब हवा म्हणून मागितला आणि कंपनीनं बनवून दिला. हे ज्ञान गुपित नाही. आपल्याकडे असा बल्ब सहसा दिसत नाही कारण तो दुकानात दहा-वीस रुपयांनी का होईना महाग दिसणार, आणि तो जास्त का टिकेल हे सांगायला डब्यावर रकानाच नाही.

विजेच्या दाबाबद्दलही लिहायला हवं. नियमानं घरगुती पुरवठ्यात ठरलेल्या दाबाच्या वरखाली ६ टक्के चालतं. प्रत्यक्षात आमच्याकडे गावाच्या टोकाच्या घरांत संध्याकाळी मीटर लावला तर १७०-१८० व्होल्ट दिसतात, आणि रात्री सगळीकडे पंप बंद झाले, भार उतरला की तोच काटा २५० च्या पुढे सरकतो. चांगल्या ड्रायव्हरचा बल्ब हे सहन करतो, १०० ते ३०० व्होल्ट चालेल असं लिहिलेले बल्ब मी विकतो आणि त्यातले चांगले असतात ते खरंच चालतात. स्वस्त बल्बात ड्रायव्हर नावापुरता असतो, दाब वाढला की जास्तीची सगळी वीज त्याच्या अंगात उष्णता होऊन साठते. पावसाळ्यात वीज कडाडली की लाइनवर जो धक्का येतो तो अडवणारा छोटा व्हेरिस्टर चांगल्या बल्बांत असतो. पैसे वाचवायचे म्हटलं की पहिल्यांदा तोच गाळतात.

बल्ब गेला की दोष बल्बाचाच, असं मात्र मी म्हणणार नाही. डीपीवर न्यूट्रल तुटला की घरात साडेतीनशे-चारशे व्होल्ट घुसतात. त्या रात्री बल्ब काय, टीव्ही आणि फ्रीजही वाचत नाहीत, आणि सकाळी गल्लीतली दहा घरं एकाच वेळी माझ्या दारात असतात. तो पुरवठ्याचा प्रश्न आहे. घरातली कारणंही असतात. होल्डरची स्प्रिंग ढिली झालेली असते, पिनांवर ठिणग्या पडून काळे डाग आलेले असतात, अशा होल्डरला कितीही चांगला बल्ब लावा, तो जाणारच. तीन बल्ब एकाच जागी गेले तर चौथा घेण्याआधी होल्डर बदला, असं मी सगळ्यांना सांगतो. वीस-तीस रुपयांचं काम असतं. आणि बंद काचेच्या गोळ्यात, न्हाणीघरातल्या झाकणाच्या फिटिंगमध्ये लावलेला बल्ब स्वतःच्याच उष्णतेत शिजतो. व्हरांड्यात उघडा लावलेला त्याच कंपनीचा, त्याच दिवशी घेतलेला बल्ब चांगला चालतो, आतला काही महिन्यांतच फडफडायला लागतो. हे मी इतक्या घरांत पाहिलं आहे की बंद फिटिंग दिसली की मी साधा बल्ब देतच नाही. पण डब्यावर एक ओळ असती, “बंद फिटिंगमध्ये लावू नका”, तर गिऱ्हाइकाला माझ्या शब्दावर विसंबावं लागलं नसतं. काही डब्यांवर ती असतेही, मुंगीच्या अक्षरात आणि इंग्रजीत.

आता हमीबद्दल. २५,००० तास छापणारी कंपनी हमी किती देते? एक वर्ष, फार तर दोन. रोज पाच तास धरून एक वर्ष म्हणजे १,८२५ तास आणि दोन वर्षं म्हणजे ३,६५०. पंचवीस हजारांचा आकडा मोठ्या अक्षरात आणि पाठीशी उभं राहायचं ते साडेतीन हजारांपर्यंत. आपल्या संस्थांनी हा फरक विचारायला हवा. उजाला योजनेत तीन वर्षांत बल्ब गेला तर फुकट बदलून देण्याची अट होती, आणि ३६ कोटींहून जास्त बल्ब तिच्यातून वाटले गेले. २०१४ मध्ये सरकारी खरेदीत एका बल्बाला ३१० रुपये पडत होते, पुढच्या दोन-तीन वर्षांत तीच किंमत चाळीसच्या आत आली, तरी तीन वर्षांची अट टिकली. म्हणजे मोठी खरेदी करणाऱ्यानं मागितलं की कंपन्या तीन वर्षं देतात. एक बल्ब घेणारी आजी मागू शकत नाही, म्हणून तिच्या वतीनं आपण मागावं.

आणि जी हमी असते ती वसूल कशी होते तेही बघा. बल्ब विकताना मी त्याच्या गळ्यावर मार्करनं तारीख लिहितो, कारण पावती कुणी जपून ठेवत नाही. गिऱ्हाईक आठ महिन्यांनी आणून देतं, मी बदलून देतो, गेलेला बल्ब पोत्यात टाकतो. पोतं भरलं की वितरकाचा माणूस येतो. कुणाची टोपी फुटलेली म्हणून तो घेत नाही, कुणावरची बनावटीची तारीख पुसलेली म्हणून नाही, कुणाचं मॉडेल आता बंद झालं म्हणून नाही. उरलेल्यांचे पैसे पुढच्या मालात वळते होतात, कधी दोन महिन्यांनी, कधी चार. सगळेच वितरक असे नसतात, काही फार सरळ आहेत. पण जिथे हमी पाळणं दुकानदाराच्या खिशातून होतं, तिथे दुकानदार एके दिवशी गिऱ्हाइकाला “हाय व्होल्टेजनं गेला, हमीत बसत नाही” असं सांगायला शिकतो. माझ्या शेजारच्या गावांतले काही तसं करतात आणि मला त्यांचा राग येत नाही, परिस्थितीचा येतो.

यावर एक रास्त मुद्दा मांडला जाईल, आणि तो मी स्वतःही गिऱ्हाइकांना सांगत आलो आहे. ६० वॉटच्या पिवळ्या बल्बाऐवजी ९ वॉटचा एलईडी लावला की ५१ वॉट वाचतात. रोज पाच तास धरले तर वर्षाला सुमारे ९३ युनिट. युनिटला आठ रुपये धरा, सातशेच्या वर रुपये वाचले. शंभराचा बल्ब वर्षभरात गेला तरी फायदाच. हिशेब बरोबर आहे. दहा वर्षांपूर्वी पुरेसाही होता. पण आता घरात पिवळा बल्ब उरला आहे कुठे? ज्या घरात सगळेच दिवे एलईडीचे आहेत, तिथे नव्या बल्बाची तुलना गेलेल्या एलईडीशीच होते. एक बल्ब एक वर्ष चालला आणि दुसरा सहा वर्षं, तर बचतीत काहीच फरक नाही, खर्च मात्र सहापट. आणि कचराही सहापट. सीएफएलच्या वेळी निदान पारा असतो म्हणून कुणी तरी काळजी करायचं. एलईडी बल्ब सरळ उकिरड्यावर जातो, त्यातलं ॲल्युमिनियम आणि तांबं त्याच्यासोबत.

१९२४ मध्ये युरोप-अमेरिकेतल्या मोठ्या बल्ब कंपन्यांनी एकत्र येऊन फीबस नावाचा करार केला होता. बल्बाचं आयुष्य १,००० तासांवर आणायचं ठरलं, आणि ज्या कंपनीचा बल्ब त्याहून जास्त टिकेल तिला दंड लागायचा. आजच्या कंपन्या असं काही करतात असा माझा आरोप नाही, पुरावा नसताना तो करणं बरोबरही नाही. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. तो पिवळा बल्ब १,००० तासांचा होता आणि घरात साधारण तेवढाच टिकायचा. सहा-सात महिन्यांनी गेला तर कुणी फसवल्यासारखं वाटून घेत नव्हतं. आज बल्ब त्याच्या दुप्पट-तिप्पट टिकूनही लोक दुखावलेले परत येतात, कारण त्यांना पंचवीसपट सांगितलेलं असतं. चांगल्या वस्तूवरचा विश्वास एका न टिकणाऱ्या आकड्यामुळे जातो आहे, आणि हे मला काउंटरवर उभं राहून बघवत नाही. एलईडी ही खरोखर चांगली वस्तू आहे. ज्या वस्तीत एका बल्बावर अख्खं घर चालतं तिथे तिनं बिल खाली आणलं, पोरांना अभ्यासाला पुरेसा उजेड दिला. त्या घरांनी “एलईडी टिकत नाही” असं म्हणावं ही वेळ येऊ नये.

म्हणून माझी मागणी फार मोठी नाही. आयुष्याच्या आकड्याशेजारी, तेवढ्याच अक्षरात, तो आकडा किती अंश तापमानाचा आहे आणि रोज किती तास धरले आहेत हे छापायला लावा. अमेरिकेत बल्बाच्या डब्यावर आयुष्य वर्षांत लिहायचं तर रोज तीन तास धरले आहेत असं स्पष्ट लिहावं लागतं. आपल्याकडे पाच किंवा सहा तास धरा, पण एकच धरा आणि सगळ्यांना तोच लावा. तापमानासाठी ४० किंवा ४५ अंशांचा वेगळा रकाना करा. शिमल्याचा माणूस २५ चा आकडा वाचेल, अकोल्याचा ४५ चा.

एल-७० सोबत बल्ब जिवंत किती राहतात तेही सांगायला लावा. युरोपीय संघात २०२१ पासून जे नियम लागू आहेत त्यात अडीच तास चालू आणि अर्धा तास बंद अशा १,२०० फेऱ्या, म्हणजे ३,००० तासांचा उजेड, पार केल्यावर दहातले किमान नऊ बल्ब चालू असावे लागतात. हे सामान्य माणसाला लगेच कळतं. दहातले नऊ. अशीच चाचणी आपल्याकडे ४५ अंशांत आणि दाब २७० व्होल्टपर्यंत वरखाली करत घेतली, आणि “१० पैकी इतके” हा आकडा डब्यावर आला, तर मला कुणाला काही समजावत बसावं लागणार नाही.

ऊर्जा ब्युरोचे तारे सध्या एका वॉटला किती लुमेन एवढंच सांगतात. गिऱ्हाईक मात्र पाच तारे म्हणजे सगळ्यात चांगला, सगळ्यात टिकाऊ असं समजून घेतं. तो गैरसमज आपणहून दूर करा. ज्या बल्बाची हमी तीन वर्षांपेक्षा कमी आहे त्याला पाच तारे देऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

मानक ब्युरोनं बनावटीचा महिना आणि वर्ष बल्बाच्या अंगावरच, पुसलं जाणार नाही असं कोरून घ्यावं. शाई उष्णतेनं उडते. तारीख कोरलेली असली की पावतीची अट ठेवायचं कारण उरत नाही, बनावटीपासून चार-सहा महिने दुकानात पडून राहिल्याचे धरून हमी मोजता येते. आणि बाजारातून नमुने उचलून चाचणी घेता त्याचे निकाल, ब्रँडच्या नावासकट, मराठीत आणि इतर भाषांत सगळ्यांना वाचता येतील असे लावा. २०१७ मध्ये नील्सन या बाजार-पाहणी करणाऱ्या कंपनीनं मुंबई, दिल्ली, अहमदाबाद आणि हैदराबाद इथल्या २०० दुकानांची पाहणी केली तेव्हा एलईडी बल्बांचे ७६ टक्के ब्रँड सुरक्षेच्या मानकांत बसत नव्हते. एलईडी बल्बाचं भारतीय मानक आयएस १६१०२ आणि मानक ब्युरोकडच्या नोंदणीचा आर क्रमांक बघूनच माल घ्यायचा, हे मी त्यानंतर पक्कं केलं. पण आर क्रमांक खोटा छापलेला असेल तर नुसत्या डब्याकडे बघून ओळखता येत नाही, आणि आठवडी बाजारात ढिगानं विकणाऱ्याकडे तर कुणी विचारतही नाही.

शेवटची मागणी दुरुस्तीची. बल्ब स्क्रूनं किंवा पीळ देऊन उघडता यावा आणि पट्टी बदलता यावी. महाराष्ट्रात ठिकठिकाणी महिला बचत गटांनी एलईडी बल्ब जोडायचं काम शिकून घेतलं आहे, आयटीआयची मुलं हे सहज करतात. माझ्या दुकानात एक मुलगा आहे, दहा मिनिटांत पट्टी बदलतो. त्याला चांगली, मानकात बसणारी सुटी पट्टी मिळत नाही. मिळते ती आणखी स्वस्तातली, आणि ती बसवून द्यायला माझा जीव धजत नाही.

माझ्या पोत्यातले बल्ब मी गेल्या वर्षापासून फेकलेले नाहीत. प्रत्येकावर विकल्याची आणि परत आल्याची तारीख आहे, बऱ्याच बल्बांवर तो उघडा लावला होता की बंद फिटिंगमध्ये आणि घर पत्र्याचं की स्लॅबचं हेही मार्करनं लिहिलं आहे. मानक ब्युरोच्या नागपूरच्या कार्यालयातून कुणाला पाठवलंत तर सगळे मोजून ताब्यात देईन, किंवा कुठल्या प्रयोगशाळेत पोचवायचे ते कळवा, मी स्वखर्चानं आणून देतो.

कळावे,
आपला नम्र,
एक वायरमन आणि इलेक्ट्रिकल दुकानदार
जिल्हा अमरावती